मनगटातील अरुंद वाट : कार्पल टनेल सिंड्रोम आणि उपचारांची निवड

मध्यरात्री हाताला मुंग्या येऊन जाग येणे, उठून बसणे, हात जोरजोराने झाडणे आणि थोडे बरे वाटले की पुन्हा आडवे होणे, ही तक्रार सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्या आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. रुग्ण तिचे वर्णन नाना प्रकारे करतात. कोणी म्हणते, ‘हातात रक्त फिरत नाही’. कोणी म्हणते, ‘हात लाकडासारखा होतो’. तर कोणाला ही अर्धांगवायूची सुरुवात वाटून धास्ती बसलेली असते. मानेचा एक्स-रे काढला की चाळिशी उलटलेल्या बहुतेकांच्या मणक्यांत थोडीफार झीज दिसतेच. मग ‘स्पाँडिलोसिस’ असे निदान होते, गळ्यात पट्टा येतो, जीवनसत्त्वांच्या गोळ्या सुरू होतात आणि मनगटाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. दुखणे कमी-जास्त होत राहते, वर्ष-दोन वर्षे निघून जातात आणि एके दिवशी शर्टाचे बटण लावता येईनासे होते.

या विकाराचे नाव कार्पल टनेल सिंड्रोम. मनगटातील अरुंद बोगद्यात मज्जातंतू दाबला गेल्याने तो उद्भवतो. तो जीवघेणा नाही. परंतु दुर्लक्ष झाल्यास अंगठ्याची ताकद आणि बोटांची संवेदना कायमची जाऊ शकते. ज्याचे पोट हातावर आहे त्याच्यासाठी ही हानी लहान नव्हे. आपल्या बेळगाव परिसरात उद्यमबाग व मच्छे येथील कारखान्यांत आणि फाउंड्रींत काम करणारे कामगार आहेत, शहापूर, वडगाव, खासबाग येथे मागावर बसणारे विणकर आहेत, पहाटे हाताने धारा काढणारे शेतकरी आहेत आणि घरोघरी पोळ्या-भाकऱ्या पुरवून संसार चालविणाऱ्या भगिनीही आहेत. म्हणून या विकाराची ओळख आणि त्याच्या उपचारांची तुलना डॉक्टर व सर्वसामान्य वाचक या दोघांसाठी एकत्र मांडण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

बोगद्याची रचना

मनगटाच्या तळव्याकडील बाजूस आठ लहान हाडांची एक कमान असते. या कमानीवर एक जाड, चिवट अस्थिबंध आडवा ताणलेला असतो. खाली व दोन्ही बाजूंना हाडे आणि वर हे न ताणणारे छप्पर, असा हा बोगदा होय. त्यातून बोटे व अंगठा वाकविणाऱ्या नऊ कंडरा आणि त्यांच्या सोबतीने एकच मज्जातंतू, म्हणजे मीडियन नर्व्ह, तळहातात उतरतो. जागा मोजकी असल्याने कंडरांभोवतीचे आवरण थोडे जरी सुजले तरी दाब वाढतो आणि या सर्वांत नाजूक असलेल्या मज्जातंतूला त्याची झळ बसते.

हा दाब प्रत्यक्ष मोजला गेला आहे. गेल्बरमन व सहकाऱ्यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरोगी व्यक्तींच्या बोगद्यातील दाब मनगट सरळ असताना सरासरी २.५ मिलिमीटर पारा इतका होता. रुग्णांमध्ये तो ३२ होता. मनगट पुढे पूर्ण वाकविल्यावर रुग्णांतील दाब ९४ पर्यंत आणि मागे वाकविल्यावर ११० पर्यंत चढला. रात्रीच त्रास का होतो, याचे बरेचसे उत्तर या आकड्यांत आहे. झोपेत आपण नकळत मनगट दुमडून, कित्येकदा उशीखाली किंवा गालाखाली घेऊन झोपतो. मज्जातंतूला रक्त पुरविणाऱ्या सूक्ष्म वाहिन्या त्या दाबाखाली चिमटतात. हात झाडला की मनगट सरळ होते, दाब उतरतो आणि मुंग्या ओसरतात. म्हणजे ‘रक्त फिरत नाही’ हे रुग्णाचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. मात्र उपाशी राहतो तो मज्जातंतू, संपूर्ण हात नव्हे.

वैद्यकाच्या इतिहासातून

सर जेम्स पॅजेट यांनी १८५४ मध्ये मनगटाजवळील अस्थिभंगानंतर मीडियन नर्व्ह दबल्याचे वर्णन केले. १८८० मध्ये जेम्स पुटनम यांनी रात्री हात बधिर होणाऱ्या ३७ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. १९१३ मध्ये पिएर मारी व शार्ल फ्वा या फ्रेंच डॉक्टरांनी शवविच्छेदनात त्या अस्थिबंधाच्या अगदी वर मज्जातंतू फुगलेला पाहिला आणि तो बंध वेळीच कापला असता तर हाताचे स्नायू वाचले असते, असा विचार मांडला. लिअरमंथ यांनी अशा शस्त्रक्रियेची नोंद १९३३ मध्ये केली. १९५० नंतर अमेरिकेतील जॉर्ज फॅलन यांनी सातत्याने लेखन करून हा विकार सर्वसामान्य डॉक्टरांच्या परिचयाचा केला. पहिल्या वर्णनापासून सर्वमान्य उपचारापर्यंत जवळजवळ शंभर वर्षे गेली, हे लक्षात घेतले म्हणजे आजही हा विकार नजरेतून का सुटतो, याचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

कोणाला होतो?

चाळीस ते साठ या वयात, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत, हा विकार अधिक आढळतो. स्वीडनमधील सर्वसाधारण लोकसंख्येत अत्रोशी व सहकाऱ्यांनी केलेल्या व १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तपासणीवरून निश्चित झालेले रुग्ण ३.८ टक्के होते. मज्जातंतूच्या विद्युत् तपासणीनेही दुजोरा मिळालेले २.७ टक्के होते. त्याच पाहणीत या भागात वेदना, बधिरपणा किंवा मुंग्या असल्याचे सांगणारे मात्र १४.४ टक्के होते. म्हणजे हाताला येणारी प्रत्येक मुंगी या बोगद्यातून येत नाही, हेही तितकेच खरे.

मधुमेह, थायरॉइडची कमतरता, संधिवात (रुमॅटॉइड), स्थूलपणा, गर्भारपण, मनगटाचा जुना अस्थिभंग आणि दीर्घकाळ चाललेले डायलिसिस ही ज्ञात कारणे आहेत. कामांपैकी जोर लावून पुनःपुन्हा मूठ आवळण्याची कामे आणि कंपन करणारी हत्यारे यांचा संबंध ठळक आहे. फाउंड्रीतील ओतीव वस्तू घासण्याचा ग्राइंडर हे त्याचे आपल्याकडील नेमके उदाहरण. संगणकाच्या कळफलकाला मात्र लोक समजतात तेवढा दोष देण्याइतका भक्कम पुरावा नाही. अनेक रुग्णांत एकही कारण सापडत नाही. लहान मुलात हा विकार आढळला तर मात्र म्युकोपॉलिसॅकरायडोसिससारख्या जन्मजात चयापचय-दोषाचा शोध घेणे आवश्यक ठरते.

निदान : रुग्णाच्या बोटावरून

निदानाचा निम्म्याहून अधिक भाग रुग्णाच्या कथनात असतो. ‘मुंग्या नेमक्या कुठे येतात ते दुसऱ्या हाताने दाखवा’ असे सांगावे. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडील अर्धा भाग हे मीडियन नर्व्हचे क्षेत्र. करंगळी सुटते. तळहाताच्या मध्यभागाची आणि अंगठ्याच्या उंचवट्यावरील त्वचेची संवेदना बहुधा शाबूत असते, कारण तिला जाणारी शाखा बोगद्याच्या बाहेरून जाते. ही बारीक खूण निदानास फार उपयोगी पडते.

दवाखान्यात करण्याजोग्या चाचण्या तीन. फॅलन चाचणीत मनगटे पुढे वाकवून एक मिनिट धरली असता मुंग्या येतात. टिनेल चाचणीत मनगटाच्या घडीवर बोटाने हलके ठोकल्यास बोटांत झटका जातो. डर्कन चाचणीत बोगद्यावर अंगठ्याने अर्धा मिनिट दाब दिल्यास लक्षणे उमटतात. त्यानंतर दोन्ही तळहात शेजारी ठेवून अंगठ्याखालील उंचवटा सपाट झाला आहे काय हे पाहावे आणि अंगठा तळहातापासून वर उचलावयास सांगून त्याची ताकद अजमावावी.

‘सीटीएस-६’ या नावाने ओळखली जाणारी गुणपद्धती सर्वसाधारण डॉक्टरांना सोयीची आहे. मीडियन क्षेत्रातील बधिरपणास ३.५, रात्रीच्या बधिरपणास ४, अंगठ्याच्या स्नायूंची झीज किंवा अशक्तपणा यास ५, फॅलन चाचणीस ५, दोन टोकांतील फरक न ओळखता येणे यास ४.५ आणि टिनेल चाचणीस ४, असे एकूण २६ गुण. १२ किंवा त्याहून अधिक गुण झाल्यास निदान बरेच पक्के समजतात. अमेरिकन अस्थिशल्यचिकित्सकांच्या अकादमीच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सरसकट विद्युत् तपासणी किंवा सोनोग्राफी करण्याऐवजी या पद्धतीने निदान करता येते. खर्चाचा विचार करणाऱ्या रुग्णाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. चित्र संदिग्ध असेल, मधुमेही न्यूरोपथीची शंका असेल किंवा तीव्रतेची नोंद हवी असेल तेव्हा नर्व्ह कंडक्शन तपासणी करावी. स्पष्ट लक्षणे असूनही काही रुग्णांत ती निर्दोष येते, हेही ध्यानात ठेवावे.

वेगळे कोणते विकार डोळ्यांसमोर ठेवावेत? मानेतील सहाव्या-सातव्या मज्जामुळावरील दाबात मान हलविल्याने वेदना खांद्यापासून खाली उतरते. करंगळीत मुंग्या असतील तर कोपराजवळील अल्नर नर्व्ह तपासावा. दोन्ही पायांपासून सुरू होऊन हातांपर्यंत चढलेला बधिरपणा मधुमेह किंवा बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता सुचवितो. त्वचेवर बधिर चट्टा किंवा हाताला लागणारा जाड मज्जातंतू आढळल्यास कुष्ठरोगाची तपासणी झालीच पाहिजे; आपल्या देशात हा प्रश्न विसरून चालणार नाही. तोंड वाकडे होणे, बोलणे अडखळणे, हातासोबत पायही लुळा पडणे ही लक्षणे एकाएकी दिसल्यास ती अर्धांगवायूची असू शकतात आणि रुग्णालय गाठण्यात क्षणाचाही विलंब नको. मनगट मोडल्यावर काही तासांत वाढत जाणारा बधिरपणा व असह्य वेदना हीदेखील तातडीची शस्त्रक्रिया मागणारी अवस्था आहे.

उपचार : एकेक करून

स्प्लिंट. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी हा पहिला, स्वस्त आणि निर्धोक उपाय. येथे एक व्यावहारिक सूचना करावीशी वाटते. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक स्प्लिंटमधील धातूची पट्टी मनगट मागे झुकेल अशी वळविलेली असते. दाबाचे वर दिलेले आकडे पाहता ती बाहेर काढून सरळ करणे आवश्यक आहे. पट्टी इतकीही आवळू नये की तिचाच दाब होईल, आणि बोटे मोकळी राहावीत. किमान सहा आठवडे, रोज रात्री ती वापरावी. चार दिवस बांधून ‘उपयोग झाला नाही’ असा निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

गोळ्या. वेदनाशामक औषधे आणि लघवी वाढविणाऱ्या गोळ्या यांचा या विकारावर फायदा दिसून आलेला नाही. तोंडाने घेतलेल्या स्टिरॉइडचा परिणाम थोडे आठवडे टिकतो आणि त्याचे दुष्परिणाम सर्वांना ठाऊक आहेत. आपल्याकडे मिथाइलकोबालामिन सर्रास लिहून दिले जाते. रक्तात बी-१२ ची कमतरता असेल तर ती अवश्य भरून काढावी. परंतु बोगद्यातील दाब जीवनसत्त्वाने कमी होत नाही. बी-६ जीवनसत्त्व तर दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतल्यास स्वतःच मज्जातंतूंना इजा करते. ‘टॉनिकच आहे, घेतले तर काय बिघडले?’ असे विचारणाऱ्यांना हे आवर्जून सांगावे.

स्टिरॉइडचे इंजेक्शन. बोगद्यात थोड्या मात्रेत दिलेल्या स्टिरॉइडने सूज ओसरते आणि पुष्कळ रुग्णांना काही दिवसांतच शांत झोप लागते. ब्रिटनमधील २३४ रुग्णांच्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सहा आठवड्यांनी इंजेक्शन हे रात्रीच्या स्प्लिंटपेक्षा सरस ठरले. सहा महिन्यांनी मात्र दोहोंत फरक उरला नाही. अत्रोशी यांच्या २०१३ च्या चाचणीत ८० मिलिग्रॅम मिथाइलप्रेड्निसोलोन घेतलेल्यांपैकी ७३ टक्के, ४० मिलिग्रॅम घेतलेल्यांपैकी ८१ टक्के आणि औषधविरहित इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्के रुग्णांची वर्षभरात शस्त्रक्रिया झाली. हे सर्व रुग्ण स्प्लिंटने बरे न झालेले होते. तात्पर्य, इंजेक्शन आराम देते, वेळ मिळवून देते आणि काहींची शस्त्रक्रिया टाळते. परंतु बहुतेकांत ते कायमचे उत्तर ठरत नाही. मधुमेही रुग्णाची साखर पुढील काही दिवस वाढू शकते, याची पूर्वकल्पना द्यावी. सुई टोचताना बोटांत वीज चमकल्यासारखी कळ गेली तर ती ताबडतोब मागे घ्यावी. इंजेक्शन पुनःपुन्हा देत राहणे आणि दरम्यान अंगठ्याचा उंचवटा झिजत जाणे, हा प्रकार सर्वांत टाळण्याजोगा.

शस्त्रक्रिया. छप्पर बनलेला अस्थिबंध पूर्णपणे कापून बोगदा मोकळा करणे, एवढेच तिचे स्वरूप. केवळ हात बधिर करून, रुग्ण त्याच दिवशी घरी जाईल अशा रीतीने ती करता येते. नेदरलँड्समधील १७६ रुग्णांच्या २००२ च्या चाचणीत तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेच्या गटात ८० टक्के, तर स्प्लिंटच्या गटात ५४ टक्के रुग्णांना यश आले. दीड वर्षाने हे प्रमाण अनुक्रमे ९० व ७५ टक्के होते. मात्र तोवर स्प्लिंटच्या गटातील ४१ टक्के रुग्णांनी शस्त्रक्रिया करून घेतली होती. त्याच देशातील ९०० हून अधिक रुग्णांच्या, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत उपचाराची सुरुवात शस्त्रक्रियेने केलेल्यांपैकी सुमारे ६१ टक्के, तर इंजेक्शनने केलेल्यांपैकी सुमारे ४५ टक्के रुग्ण दीड वर्षाने बरे झालेले आढळले. या आकड्यांची दुसरी बाजूही वाचली पाहिजे : इंजेक्शनने सुरुवात करूनही जवळजवळ निम्मे रुग्ण बरे झाले, आणि शस्त्रक्रियेने सुरुवात केलेल्यांतही सर्वांना पूर्ण समाधान लाभले नाही.

दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत कामावर थोडे लवकर परतता येते. दीर्घकालीन निकाल मात्र उघड्या शस्त्रक्रियेसारखेच असतात. म्हणून खर्च, सोय आणि शल्यचिकित्सकाचा हातखंडा पाहून पद्धत ठरवावी. टाके १० ते १४ दिवसांत निघतात. बोटे पहिल्याच दिवसापासून हलवावीत. तळहाताच्या दोन्ही कडांना दाबल्यावर दुखणे काही आठवडे ते काही महिने राहू शकते आणि मुठीची ताकद पूर्ववत होण्यास तीनेक महिने लागतात. जंतुसंसर्ग, अंगठ्याच्या स्नायूंना जाणाऱ्या शाखेला इजा, अस्थिबंध अर्धवट कापला जाणे या गुंतागुंती क्वचित् होतात, पण होतात. रुग्णाची संमती घेताना त्या सांगणे हे आपले कर्तव्यच आहे.

निवड कशी करावी? चार प्रातिनिधिक रुग्ण

पुढील चौघे म्हणजे कोणी विशिष्ट व्यक्ती नव्हेत. दवाखान्यात नेहमी भेटणाऱ्या चार प्रकारच्या रुग्णांची ही रूपरेषा आहे.

पहिल्या, पोळ्या-भाकऱ्यांची कामे करणाऱ्या सेहेचाळीस वर्षांच्या मावशी. सहा महिन्यांपासून रात्री मुंग्या, दिवसा हात ठीक, ताकद पूर्ण. यांची साखर व थायरॉइड तपासावे, सरळ केलेली स्प्लिंट सहा ते आठ आठवडे द्यावी, कणीक तिंबणे व कपडे पिळणे घरातील इतरांवर सोपवावे. त्या म्हणतील, ‘डॉक्टर, दिवाळी तोंडावर आली, ऑर्डरी घेतल्यात, हात थांबवून कसं चालेल?’ अशा वेळी एक इंजेक्शन देऊन सण पार पाडणे आणि त्यानंतर शांतपणे पुढचा निर्णय घेणे सर्वस्वी रास्त आहे.

दुसरा, फाउंड्रीत ग्राइंडर चालविणारा अडतीस वर्षांचा कामगार. दोन वर्षांपासूनचा त्रास, आता दिवसाही सतत बधिरपणा, हातातून वस्तू निसटतात, अंगठ्याखालचा उंचवटा किंचित बसलेला. येथे स्प्लिंट व इंजेक्शन यांत आणखी वर्ष घालविणे म्हणजे उरलेले स्नायू पणाला लावणे होय. त्याला शस्त्रक्रियेचा सल्ला द्यावा. त्याची खरी अडचण वेगळीच असते : ‘साहेब, खाडे किती पडतील?’ हलकी कामे थोड्या दिवसांत जमतात. जड कामासाठी साधारण सहा ते आठ आठवडे धरावे लागतात, असे स्पष्ट सांगावे आणि मालकासाठी तसे प्रमाणपत्र द्यावे. परतल्यावर तोच ग्राइंडर तितकेच तास हाती आला तर काय साधले? काम बदलून मिळावे म्हणून लिहिलेली डॉक्टरांची चार ओळींची चिठ्ठी येथे उपचाराचाच भाग ठरते.

तिसरी, सातव्या महिन्यातील गर्भवती. शरीरातील पाण्याचे प्रमाण वाढल्याने तिच्या दोन्ही हातांना मुंग्या येतात. रात्रीची स्प्लिंट आणि धीर देणे बहुधा पुरते. बाळंतपणानंतर काही आठवडे ते महिन्यांत त्रास ओसरतो. न ओसरल्यास अथवा ताकद कमी होऊ लागल्यास पुढील विचार करावा. बाळाला धरताना मनगट दुमडले जाणार नाही अशी बैठक तिला व तिच्या सासूबाईंना दाखवून द्यावी.

चौथे, निवृत्त शिक्षक, वय बहात्तर. दोन्ही हात बधिर, अंगठ्यांचे स्नायू झिजलेले, आणि विचारल्यावर कळते की जिना चढताना अलीकडे दम लागतो. वयस्कर पुरुषातील दोन्ही मनगटांचा हा विकार म्हणजे कधीकधी ट्रान्सथायरेटिन अमायलॉइडोसिस या रोगाची पहिली खूण असते. या रोगात एक विकृत प्रथिन हृदयाच्या स्नायूंत साचत जाते आणि हाताची लक्षणे हृदयाच्या लक्षणांच्या कित्येक वर्षे आधी दिसू शकतात. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी कंडरांच्या आवरणाचा तुकडा तपासणीस पाठवावा आणि हृदयरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. त्यांच्या हाताविषयी वचन देताना हात राखावा. रात्रीच्या वेदना जातील. परंतु झिजलेले स्नायू भरून येतीलच असे नाही. मज्जातंतूची वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने होते आणि फार काळ उपाशी राहिलेला स्नायू तोवर वाट पाहत नाही.

या चौघांवरून दिसून येते की निवड तीन प्रश्नांवर ठरते. पहिला, बधिरपणा येतो-जातो की कायम आहे? दुसरा, अंगठ्याची ताकद शाबूत आहे काय? तिसरा, रुग्णाचे काम, घर आणि आर्थिक स्थिती त्याला किती थांबू देते? पहिल्या दोहोंचे उत्तर डॉक्टरांनी शोधावयाचे असते. तिसऱ्याचे उत्तर रुग्णच जाणतो, आणि ते विचारल्याशिवाय कळत नाही.

दुखण्यासह जगताना

उपचार कोणताही असो, काही सवयी बदलाव्या लागतात. दुचाकीचे हँडल घट्ट आवळून दूरचा प्रवास करताना मध्ये थांबून हात मोकळे करावेत. लाटणे, विळी, पाना यांची मूठ फार बारीक असेल तर तिला कापड गुंडाळून जाड करावी. मूठ आवळण्यास लागणारा जोर कमी होतो. भ्रमणध्वनी मनगट दुमडून तासन्‌तास धरू नये. बोटे बधिर असताना तव्याची किंवा इस्त्रीची आच कळत नाही, भाजण्यापासून जपावे. मालिश करून घेण्यास हरकत नाही, पण मनगटावर जोराने दाबून ‘नस बसविण्याचे’ प्रयोग करू देऊ नयेत. दबलेल्या मज्जातंतूला आणखी दाबण्याने काय लाभ होणार?

शल्यचिकित्सकाला भेटण्यापूर्वी रुग्णाने चार प्रश्न लिहून न्यावेत. माझा विकार सौम्य, मध्यम की तीव्र? सहा आठवडे थांबल्याने नुकसान होईल काय? शस्त्रक्रियेनंतर माझे नेमके काम मी केव्हा करू शकेन? आणि दोन्ही हातांना त्रास असेल तर आधी कोणता? या शेवटच्या प्रश्नाचा विचार पुष्कळदा होत नाही. एकटी राहणारी वृद्धा दोन्ही हात एकाच वेळी बांधून घेऊन वेणीफणी, आंघोळ, स्वयंपाक कसा करणार, हे आधीच ठरलेले बरे.

समारोप

व्यावसायिक बंधुभगिनींना विनंती एवढीच की, ‘हाताला मुंग्या’ ही तक्रार ऐकताच मानेच्या एक्स-रेची चिठ्ठी लिहिण्यापूर्वी रुग्णाचे दोन्ही तळहात उताणे करून पाहावेत. या तपासणीला दोन मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही. सर्वसामान्य वाचकांनी एक खूणगाठ बांधावी : रात्री येणाऱ्या व हात झाडल्याने जाणाऱ्या मुंग्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही, त्यांवर साधे उपाय आहेत, परंतु मुंग्या दिवसाही राहू लागल्या, बटण लावणे किंवा सुईत दोरा ओवणे जमेनासे झाले, अंगठ्याखालचा मांसल भाग बसू लागला, तर डॉक्टरांची भेट पुढे ढकलू नये. त्या अवस्थेत गेलेले महिने मागाहून कोणत्याही शस्त्रक्रियेने परत मिळत नाहीत.